द्रव नायट्रोजनमध्ये ३०४ची रॉड: १६ऐवजी १२ एमएम चालेल का? आणि चुंबक का चिकटतंय?

प्रयोगशाळा७७

नमस्कार मंडळी. कार्बन फायबरच्या पट्ट्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ओढून तोडायच्या, असं काम माझ्याकडे आलंय. मशीनच्या क्रॉसहेडपासून (ओढणाऱ्या आडव्या दांड्यापासून) ड्यूअरमधल्या (द्रव नायट्रोजनच्या थर्माससारख्या भांड्यातल्या) ग्रिपपर्यंत एक लांब रॉड जाते. ती स्टेनलेस ३०४ची, १६ एमएम व्यासाची, दोन्ही टोकांना एम१६ आटे. लांबी ६०० एमएम. त्यातली साधारण ४०० एमएम द्रवाच्या पातळीच्या वर असते. जास्तीत जास्त भार २० किलोन्यूटन. रॉडभोवती ३०४चाच पाइप आहे, तो दाब घेतो. पाइपच्या तळाला ४० एमएम जाडीची अॅल्युमिनियमची प्लेट आहे, स्टेनलेसच्या एम८ बोल्टांनी आवळलेली.

नायट्रोजन फार उडतो, म्हणून रॉड १२ एमएमची करायचा विचार आहे. हिशोब असा: एम१२च्या आट्याचं ताणक्षेत्र ८४.३ चौरस एमएम, म्हणजे २० किलोन्यूटनला २३७ एमपीए. खोलीच्या तापमानाला ३०४चं किमान यील्ड (कायमचं वाकायला लागण्याचा ताण) २०५, तिथे हे बसत नाही. पण ७७ केल्विनला ३०४चं यील्ड ४००च्या आसपास आणि ताणबल (तुटण्याआधी झेललेला सर्वात जास्त ताण) १५००पर्यंत जातं असं तक्ते सांगतात. मग गारव्यात मिळणारी ही जादा ताकद वापरायला हरकत काय?

दुसरी गोष्ट. जुन्या रॉडच्या आट्यांपाशी चुंबक हलकंसं चिकटतंय, मधल्या गुळगुळीत भागावर अजिबात नाही. आमचे टर्नर म्हणतात, "थंडीत पोलाद ठिसूळ होतं, ही रॉड आता फेकून द्या." स्टेनलेसलाही हे लागू होतं का?

पुढे हाच सेटअप द्रव हेलियममध्ये न्यायचा आहे, तेव्हा त्या दृष्टीनेही सांगा.

डिझाईनकर

३०४च का? डुप्लेक्स २२०५ घ्या, खोलीच्या तापमानालाच यील्ड ४५०च्या वर मिळेल. नाहीतर १७-४ पीएच, तिथे तर हजाराच्या घरात. १२ एमएम आरामात बसेल.

हेलियमकाका

डिझाईनकर, थांबा. या दोन्ही जाती −१९६ला नेऊ नका. डुप्लेक्समध्ये निम्मं फेराइट (साध्या पोलादासारखी अणूंची रचना) असतं आणि −५०च्या खाली त्याचा चिवटपणा झपाट्याने उतरतो. १७-४ तर मार्टेन्साइटच (पोलादातली कडक, चुंबकाला धरणारी रचना). द्रव नायट्रोजनमध्ये त्याची खाच पाडलेली पट्टी हातोड्याखाली घातलीत तर तुकडे गोळा करत बसाल. खोलीच्या तापमानाचं यील्ड बघून गार कामाचं मटेरियल निवडायचं नसतं.

आता मूळ प्रश्न. टर्नर म्हणतात ते साध्या पोलादाबद्दल शंभर टक्के खरं आहे. साध्या पोलादात, ४३०सारख्या फेरिटिक आणि ४२०सारख्या मार्टेन्सिटिक स्टेनलेसमध्ये अणूंची मांडणी घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि मध्यभागी असते. अशा जाळ्यात डिसलोकेशन (अणूंच्या रांगेतला दोष, तो सरकला की धातू वाकतो) सरकायला उष्णतेची मदत लागते. तापमान उतरलं की ती मदत संपते आणि यील्ड झरझर चढतं. चढता चढता ते अशा पातळीला पोचतं की धातूला वाकण्यापेक्षा फुटणं सोपं पडतं. म्हणून साध्या पोलादाची चार्पी चाचणी (खाच पाडलेला नमुना हातोड्याने तोडून ऊर्जा मोजणं) −१९६ला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके ज्यूल देते. ३०४, ३१६, ३१० यांच्यात अणू घनाच्या कोपऱ्यांवर आणि फलकांच्या मध्यावर असतात, या रचनेला ऑस्टेनाइट म्हणतात. तिथे डिसलोकेशनला तापमानाची एवढी गरज नसते. यील्ड वाढतं, पण फुटण्याच्या रेषेला शिवत नाही. चांगलं अॅनील केलेलं (तापवून मऊ केलेलं) ३०४ −१९६लाही शंभर ज्यूल सहज ओलांडतं. मोडलेला तुकडा हातात घेतलात तर कडा ओढल्या गेलेल्या दिसतात, पृष्ठभाग राखाडी आणि रेशमी असतो, ठिसूळ मोडीसारखा चकाकत नाही. तेव्हा रॉड फेकू नका.

आता १२ एमएमचं. तुमचा हिशोब बरोबर आहे, फक्त तो रॉडच्या खालच्या टोकाचा आहे. वरचं टोक कुठे आहे? क्रॉसहेडला, खोलीच्या हवेत. तिथे आटेही आहेत आणि भारही तोच २० किलोन्यूटन. ७७ केल्विनची ताकद ज्या टोकाला मिळते त्या टोकाला तुम्ही ती मोजली, आणि दुसऱ्या टोकाला ती नाहीच. रॉड सरळ भाराच्या मार्गात आहे, त्यामुळे सगळ्यात उबदार आटा जेवढा घेईल तेवढंच तुमचं फिक्स्चर घेईल.

गार टाक्या बनवणारेही याच कारणाने बहुतेक वेळा खोलीच्या तापमानाचं यील्ड धरून भिंत ठरवतात. टाकीची दाबचाचणी गरम अवस्थेत होते, पहिली भरणी गरम अवस्थेत होते, आणि कधीतरी टाकी रिकामी होऊन तापली तरी आतला दाब तिला झेलावाच लागतो. एएसएमई या अमेरिकन अभियंता संस्थेच्या प्रेशर व्हेसल कोडमध्ये यूएलटी नावाचा भाग आहे. त्यात ३०४ला गार तापमानाचं वाढीव बल वापरायची मुभा आहे, पण अटींसह. रॉडसाठी त्या वाटेला जायचं कारण नाही.

शिवाय वाचणार काय आहे ते तरी बघा. ३०४ची उष्णतावाहकता खोलीच्या तापमानाला साधारण १५ वॅट प्रति मीटर-केल्विन, ७७ला ८च्या आसपास. ३०० ते ७७ केल्विनपर्यंत तिची बेरीज घेतली तर मीटरमागे सुमारे २.७ किलोवॅट येते. तुमच्या ४०० एमएम लांबीत १६ एमएमची रॉड १.४ वॅट आत आणते, १२ एमएमची ०.७६. एक लिटर द्रव नायट्रोजन उकळायला १६१ किलोज्यूल लागतात. म्हणजे जाड रॉड तासाला ३० मिलिलिटर उडवते आणि बारीक १७. वर चढणाऱ्या गार बाष्पाचा फायदा मी धरलेलाच नाही, तो धरला तर दोन्ही आकडे आणखी उतरतील. तासाला १३ मिलिलिटरसाठी आट्यांचा जीव कशाला टांगणीला लावता? तुमचा नायट्रोजन ड्यूअरच्या तोंडातून आणि सगळं फिक्स्चर गार करण्यात जातोय. झाकण नीट बसवा, खाली फोम लावा.

चुंबकाचं उत्तर द्यायला मला त्या बारचं टेस्ट सर्टिफिकेट हवं. कागद बघितल्याशिवाय "३०४ असं वागतं" हे वाक्य मी उच्चारत नाही. ३०४ हा एक पट्टा आहे: क्रोमियम अठराच्या आसपास, निकेल आठपासून साडेदहापर्यंत. त्या पट्ट्याच्या दोन टोकांचे दोन बार ७७ केल्विनला सख्खे भाऊही वाटत नाहीत. बार ओढून काढलेला होता की अॅनील करून घासलेला, तेही सांगा.

प्रयोगशाळा७७

काका, वरच्या टोकाचा मुद्दा पटला. १६च ठेवते.

सर्टिफिकेट सापडलं. ३०४/३०४एल असं दुहेरी प्रमाणित आहे. कार्बन ०.०२२, सिलिकॉन ०.४१, मँगनीज १.३२, क्रोमियम १८.१, निकेल ८.०५, मॉलिब्डेनम ०.२१. नायट्रोजनचा रकाना कोरा आहे. ०.२ टक्के प्रूफ (म्हणजे यील्ड) २६८ एमपीए, ताणबल ५९२, लांबवाढ ५८ टक्के. बार सोल्यूशन अॅनील केलेला, वरून ग्राइंड केलेला. आटे आमच्याकडे लेथवर काढले.

हेलियमकाका

बघा, कागद आला की बोलता येतं. (२६८च्या बारवर २३७ एमपीए चढवणार होतात. याला मी मार्जिन म्हणत नाही.)

निकेल ८.०५. कारखान्याने किमान मर्यादेला चिकटून माल ओतलाय. त्यात बेकायदा काही नाही, निकेल महाग असतं आणि सगळेच हे करतात. पण त्याचा गारव्यावर परिणाम होतो. १९५४मध्ये एंजल यांनी एक सूत्र दिलं, ते अजून चालतं. ०.३ खरा विकार (ओढून झालेला लांबीतला बदल) दिल्यावर निम्म्या ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट होईल असं तापमान त्यातून निघतं: ४१३ वजा ४६२ गुणिले कार्बन-नायट्रोजनची बेरीज, वजा ९.२ सिलिकॉन, ८.१ मँगनीज, १३.७ क्रोमियम, ९.५ निकेल आणि १८.५ मॉलिब्डेनम. नायट्रोजन ०.०५ धरला तर तुमच्या बारचं उत्तर येतं ३७ अंश सेल्सिअस. म्हणजे हा बार खोलीच्या तापमानाला जोरात वाकवलात तरी बदलायला लागेल. लेथच्या टूलने आट्यांच्या पृष्ठभागावरचा पातळ थर चेपला, ओढला, आणि तेवढ्यात तिथे मार्टेन्साइट तयार झालं. ते चुंबकाला धरतं. मधला भाग ग्राइंड केलेला आहे, तिथे धातू एवढा हललाच नाही. पुढे गार अवस्थेत भार चढला तेव्हा आट्यांच्या मुळाशी, जिथे ताण एकवटतो, तिथे आणखी थोडं बनलं असेल. नुसतं गार करून गरम करण्याने बहुतेक ३०४ बदलत नाही, त्याला विकार लागतो. तुमच्यासारखा निकेलने हडकुळा माल मात्र त्या सीमेच्या जवळ असतो.

सूत्रात कार्बन-नायट्रोजनचा गुणक बघा: ४६२. नायट्रोजन ०.०५ऐवजी ०.०८ असता तर ३७चे २३ झाले असते. शंभरात तीन शतांश भर, आणि चौदा अंशांचा फरक! आणि कार्बन मुद्दाम उतरवलेला ३०४एल हा साध्या ३०४पेक्षा जास्त चंचल (पटकन मार्टेन्साइट होणारा) असतो, हेही यातच दिसतं. लोक "एल म्हणजे भारी" समजून डोळे मिटून घेतात. वेल्डसाठी तो भारी आहेच. गारव्यात आकार टिकवायचा असेल तर नाही.

आता मुख्य गंमत. तक्त्यात ७७ केल्विनला जे १५०० दिसतात, ते कुणाचे? ऑस्टेनाइटचे नव्हेत. ओढता ओढता नमुन्याच्या आत मार्टेन्साइट बनत जातं, आणि ते सगळा भार उचलतं. वक्र काढून बघा: सुरुवातीला ३५०-४०० एमपीएला यील्ड, मग रेषा आळसावून जवळजवळ सपाट चालते, आणि थोड्या वेळाने एकदम उभी चढायला लागते. तो चढ म्हणजे रूपांतर. जिथे मान बारीक व्हायला लागते तिथेच मार्टेन्साइट बनून ती जागा कडक होते, म्हणून लांबवाढही ४० टक्क्यांच्या आसपास टिकते. याउलट २५ क्रोमियम-२० निकेलचं ३१० हलत नाही, बदलत नाही. त्याचं ताणबल त्यामुळे ३०४पेक्षा कमी भरतं, पण यील्ड जास्त. नुसतं ताणबल बघणाऱ्याला ३०४ विजेता वाटतं. ज्याला भाग वाकायलाच नको आहे त्याच्यासाठी ते हरलेलं असतं, कारण १५००पर्यंत पोचायचं तर भाग आधी तीस-चाळीस टक्के लांबवावा लागतो. फिक्स्चर कुणी तेवढं लांबवतं का? या चंचल जातींमध्ये एक विक्षिप्तपणा आणखी आहे. काही तापमानांना ताणानेच रूपांतर सुरू होतं आणि यील्ड वाढायच्या ऐवजी थोडं खाली बसतं. म्हणून दोन तापमानांचे आकडे घेऊन मधल्याचा अंदाज सरळ रेषेने बांधू नये.

मार्टेन्साइट म्हटलं की सगळे ठिसूळपणाला घाबरतात. या मार्टेन्साइटमध्ये कार्बन नगण्य असतो, सुरीच्या पोलादासारखं ते नसतं, आणि ७७ केल्विनला आट्यांवरच्या या पातळ थराने तुमची रॉड तुटणार नाही. मला भीती वेगळी वाटते. रूपांतर पूर्ण झालं तर आकारमान साधारण २ टक्क्यांनी वाढतं. घट्ट मापाचे आटे, बुश, सरकते भाग यांत थोडंसं झालं तरी ते जाम होतात. ग्रिप उघडायला पाना घेऊन झोंबाझोंबी करावी लागत असेल, तर कारण बहुधा तेच.

प्रयोगशाळा७७

हो!! खालची ग्रिप दर वेळी अडकते. आम्ही बर्फाला दोष देत होतो.

हेलियमकाका

बर्फही असतोच. पण रॉड पूर्ण कोरडी आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरही अडकत असेल तर बर्फ सुटला आरोपातून.

आर्कवाली

मी वेल्डची बाजू मांडते, कारण काकांनी तिला हात लावला नाही. तुमच्या पाइपच्या तळाला फ्लँज वेल्ड केलेली असणार. मूळ ३०४ कितीही चांगलं असलं तरी गार कामात पहिली शंका मी वेल्डवर घेते.

३०८एल फिलरने (वेल्ड भरायच्या धातूने) भरलेल्या वेल्डमध्ये मुद्दाम थोडं डेल्टा फेराइट ठेवतात. ते नसेल तर वेल्ड गोठताना गरम तडे जातात. फेराइट नंबर ३ ते ८ असला की वेल्डर खूष. पण हे फेराइट म्हणजे तीच मांडणी जी गारव्यात ठिसूळ होते. ७७ केल्विनला थोडं फेराइट चालून जातं, ४ केल्विनला त्याच्या जाळीतून तड्याला वाट मिळते. म्हणजे वेल्डरला फेराइट हवं असतं आणि चार्पीवाल्याला नको असतं, आणि इन्स्पेक्टर म्हणून दोघांची भांडणं माझ्यापुढे येतात. हेलियमपर्यंत जायचं असेल तर फेराइट कमी ठेवून मँगनीज वाढवलेलं फिलर, किंवा १६-८-२ जातीचं फिलर बघा.

दुसरं, पद्धत. टिग (टंगस्टन इलेक्ट्रोड आणि निष्क्रिय वायू वापरून केलेल्या) वेल्डचा चिवटपणा सगळ्यात चांगला येतो. लेपाच्या इलेक्ट्रोडने किंवा फ्लक्स कोअर तारेने केलेल्या वेल्डमध्ये ऑक्साइडचे बारीक कण जास्त राहतात, आणि गारव्यात तेच कण चार्पीचा आकडा खाली ओढतात. फिलर तेच, वेल्डर तोच, फक्त प्रक्रिया बदलली तरी फरक पडतो.

चार्पी करून घेतलीत तर ज्यूलबरोबर पार्श्व प्रसरण विचारा. एएसएमईमध्ये −१९६ला ०.३८ एमएमची अट आहे. खाचेच्या मागची बाजू किती फुगली ते त्यातून कळतं. एखाद्या वेल्डला ज्यूल बरे दिसतात आणि फुगवटा काठावर असतो. असा वेल्ड मी पुढे जाऊ देत नाही.

आणि वेल्डशेजारच्या पट्ट्यात धातू ५०० ते ८०० अंशांमध्ये रेंगाळला तर दाण्यांच्या सीमेवर क्रोमियम कार्बाइड बसतं. लोक ते गंजाच्या संदर्भात ओळखतात, पण त्याने गार चिवटपणाही उतरतो. इथे तुमचा ०.०२२ कार्बन कामाला येतो, म्हणून काकांनी ३०४एलची फार टर उडवू नये. रॉडवर मात्र कुठेही वेल्ड करू नका, एका बारातून काढा.

हेलियमकाका

टर नाही उडवली हो, फक्त कुठे वापरायचं ते सांगितलं. बाकी वेल्डबद्दल ताई म्हणतात त्यात माझ्याकडून बदल शून्य.

धातुवेडा

चंचलपणा हा फक्त तोटा नाही. अॅटलस रॉकेटच्या टाक्या आणि त्यावरचा सेंटॉर टप्पा ३०१च्या कडक लाटलेल्या पातळ पत्र्याचे होते. ३०१ हे ३०४पेक्षाही चंचल. लाटतानाच मार्टेन्साइट बनवून घ्यायचं आणि ती ताकद द्रव ऑक्सिजन, द्रव हायड्रोजनच्या गारव्यात वापरायची. पत्रा इतका पातळ की आत दाब नसेल तर टाकी स्वतःच्या वजनाने चेपायची. एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) जहाजांच्या एका प्रकारात आतलं आवरण १.२ एमएमच्या ३०४एल पत्र्याचं असतं, आकुंचन पचवण्यासाठी त्याला नाळ्या पाडलेल्या असतात.

आणि टर्नरना सांगा, त्यांची भीती रक्तरंजित इतिहासातून आलेली आहे. १९४४मध्ये क्लीव्हलँडला एलएनजीची टाकी फुटून सुमारे १३० माणसं गेली. ती साडेतीन टक्के निकेलच्या पोलादाची होती, स्टेनलेसची नव्हे.

प्रयोगशाळा७७

छान माहिती मिळतेय. आता दोन प्रश्न उरलेत. एक, हेलियममध्ये नेताना याच रॉडमध्ये काय बदलेल? दोन, तळाच्या अॅल्युमिनियम प्लेटचे बोल्ट प्रत्येक चाचणीनंतर ढिले सापडतात. टॉर्क रेंचने आवळूनही.

हेलियमकाका

आधी बोल्ट, कारण तिथे आज ना उद्या काहीतरी पडेल.

२० अंशांपासून ७७ केल्विनपर्यंत ३०४ ०.२८ टक्के आखडतं, अॅल्युमिनियम ०.३९. फरक ०.११ टक्के. तुमच्या ४० एमएम प्लेटवर तो ०.०४४ एमएम होतो. आता बोल्टमध्ये १५० एमपीएचा ताण भरलात असं धरा. भागिले १९३ गिगापास्कल, म्हणजे विकार ०.०७८ टक्के, ४० एमएमवर ०.०३१ एमएम. बोल्ट जेवढा ताणून ठेवला होता त्यापेक्षा प्लेट जास्त आखडली. सगळी आवळणी संपली आणि वर फट उरली. टॉर्क रेंचचा यात काही दोष नाही. गरम झाल्यावर प्लेट परत फुगते, पण मधल्या वेळात मोकळे बोल्ट हादऱ्यांनी फिरलेले असतात.

उपाय तीन. प्लेटच स्टेनलेसची करा, हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात चांगला उपाय. नाहीतर बेलव्हिल वॉशर (बशीच्या आकाराचे, स्प्रिंगसारखे) घाला, ते फरक पचवतात. नाहीतर बोल्टच्या डोक्याखाली इन्वारची नळी घाला. इन्वार त्याच टप्प्यात जेमतेम ०.०४ टक्के आखडतं, त्यामुळे लांब झालेला बोल्ट नळीपेक्षा जास्त आखडून प्लेटची कसर भरून काढतो. तुमच्या ४० एमएमसाठी नळीची लांबी साधारण १८ एमएम निघते. हिशोब स्वतः करून बघा, दोन ओळींचा आहे.

याच आकुंचनाचा आणखी एक फटका. नमुना दोन्ही ग्रिपमध्ये आवळून नायट्रोजन ओतलात आणि मशीन विस्थापन-नियंत्रणावर असेल, तर रॉड आणि पाइप एकाच वेळी गार होत नाहीत, आणि तुमची कार्बन पट्टी चाचणीआधीच ओढली जाते. गार करताना भार-नियंत्रण, थोडासा धन भार, आणि उकळणं शांत होईपर्यंत थांबणं. क्रॉसहेडच्या सरकण्यावरून विकार काढू नका. ३०४चा यंग गुणांक गारव्यात सहा-सात टक्के वाढतो, रॉडचा अर्धा भाग गार, अर्धा गरम. ती गणितं करत बसण्यापेक्षा एक्स्टेन्सोमीटर (लांबवाढ मोजायचं उपकरण) नमुन्यावरच लावा.

आता हेलियम. ४.२ केल्विन. आकुंचन जवळजवळ सगळं ७७पर्यंतच उरकलेलं असतं, पुढे ०.३० टक्क्यांना जाऊन थांबतं. त्याची चिंता नको. उष्णतेची मात्र हवी. एक वॅट उष्णता तासाला २२ मिलिलिटर नायट्रोजन उडवते, तीच एक वॅट तासाला १.४ लिटर हेलियम उडवते. साठपटीहून जास्त. म्हणजे रॉड बारीक करायचा तुमचा मूळ विचार हेलियममध्ये योग्य ठरतो! पण तिथेही व्यास सरसकट उतरवू नका. वरचं टोक जाड ठेवा, मधल्या भागात पातळ भिंतीची नळी वापरा, आणि अध्येमध्ये ७७ केल्विनला एक टप्पा बांधून घ्या, म्हणजे वरून येणारी उष्णता नायट्रोजनवर उतरेल. ३०४ची वाहकता ४ केल्विनला ०.३च्या आतबाहेर असते, तेवढी मदत निसर्ग करतोच.

मटेरियल हेलियमसाठी बदला. ३१६एल किमान, जमलं तर ३१६एलएन. त्यातला नायट्रोजन दोन कामं करतो: ऑस्टेनाइट बांधून ठेवतो आणि गारव्यात यील्ड जोरदार वाढवतो. खोलीच्या तापमानाला नायट्रोजनचा फायदा बेताचा दिसतो, ४ केल्विनला तेच ३१६एलएन हजार एमपीएच्या यील्डला भिडतं. इटर या फ्यूजन प्रकल्पाच्या टोरॉइडल कॉइलमधल्या केबलांची जॅकेटं ३१६एलएनची आहेत, एलएचसी या कण-त्वरकाच्या १.९ केल्विनवर चालणाऱ्या चुंबकांमधली शीत नळीही त्याच जातीची. मात्र यील्ड वाढलं की भंग-चिवटपणा थोडा उतरतो, हा व्यवहार प्रत्येक गार मिश्रधातूत करावाच लागतो. ३१६एलमध्येही निकेल बघा. दहावर अडकलेला माल एंजलच्या सूत्रात शून्य अंशांच्या आसपास येतो, बारापर्यंत गेलेला उणे विशीच्या आसपास. नाव एकच, दोन्हींवर ३१६एलच लिहिलेलं असतं.

हेलियममध्ये एखादा स्टेनलेसचाच नमुना ओढाल तेव्हा भाराचा वक्र करवतीच्या दात्यांसारखा येईल आणि ड्यूअरमधून टक टक आवाज ऐकू येईल. लोड सेल बिघडला समजून मशीन बंद करू नका. ४ केल्विनला ३०४ची विशिष्ट उष्णता किलोमागे फक्त २ ज्यूल असते, खोलीच्या तापमानाला ती ५००च्या जवळ. त्यामुळे जिथे धातू थोडा घसरतो तिथे तो क्षणात काही दहा केल्विनने तापतो, तापला की मऊ पडतो, मऊ पडला की आणखी घसरतो, आणि भार धाडकन खाली येतो. मग हेलियम त्याला परत गार करतं आणि पुढचा दाता सुरू होतो. म्हणून एएसटीएम ई १४५०मध्ये (द्रव हेलियममधल्या ताणचाचणीच्या मानकात) विकारदर सेकंदाला एक सहस्रांशापेक्षा जास्त ठेवू देत नाहीत. घाईने ओढलात तर तुम्ही ४ केल्विनची चाचणी करत नसता. चार्पी ४ केल्विनला निरर्थक ठरते तीही याच कारणाने: हातोड्याचा घाव इतका जलद की नमुना मोडताना गार राहतच नाही. तिथे तडा पाडलेला नमुना हळू ओढून भंग-चिवटपणा मोजतात.

डिझाईनकर

काका, हेलियममधल्या बोल्टांसाठी काय? ३०४चे बोल्ट आवळताना चिकटतात असा अनुभव आहे.

हेलियमकाका

ए२८६ जातीचं स्टेनलेस. त्याची ताकद रूपांतरातून येत नाही, आतल्या निकेल-टायटॅनियमच्या बारीक कणांमधून येते. त्यामुळे ४ केल्विनलाही ते ऑस्टेनाइटच राहतं, चिवट राहतं, आणि खोलीच्या तापमानालाच यील्ड सहाशेच्या वर असतं, म्हणजे गरम टोकाची अडचणही सुटते. चिकटण्यावर मॉलिब्डेनम डायसल्फाइडची कोरडी भुकटी लावा. ग्रीस लावू नका, गारव्यात ते दगड होतं. आणि जिथे द्रव ऑक्सिजनशी संबंध येऊ शकतो तिथे ग्रीसचं नावही काढू नका.

प्रयोगशाळा७७

ठरलं. नायट्रोजनसाठी १६ एमएमची हीच रॉड, पण खालचे आटे थोड्या सैल मापाने परत काढते. तळाची प्लेट स्टेनलेसची. हेलियमसाठी ३१६एलएनची चौकशी सुरू करते. पुरवठादार विचारतोय की सर्टिफिकेटमध्ये आणखी काय हवं.

हेलियमकाका

नायट्रोजनचा रकाना भरलेला हवा, तीन दशांश स्थळांपर्यंत. निकेल आणि मॉलिब्डेनम त्या हीटचे (एका वेळी ओतलेल्या मालाचे) प्रत्यक्ष मोजलेले, "मर्यादेत आहे" असा शेरा नको. सोल्यूशन अॅनील केल्याचा उल्लेख. आणि कागदावरचा हीट नंबर बारच्या टोकावर ठोकलेला असतो, कापायला घेण्याआधी तो जुळवून घ्या. लेथवर गेलेल्या बारचं पहिलं कापलं जातं ते नेमकं तेच टोक, म्हणून उरलेल्या तुकड्यावर नंबर परत ठोकायला टर्नरना आधीच सांगून ठेवा.